आचार्य धर्मानंद कोसंबी : पन्नास रुपये आणि दरसाल एक पुस्तक



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तेव्हा काका तुम्हीही चार ओळी लिहा, असा समितीच्या पोरांचा निरोप आला. मी लोखंडाच्या मिलमध्ये सळया ओढणारा माणूस. जालन्यात भट्टीसमोर उभं राहून माझं अर्धं आयुष्य गेलं. शाळा सातवीतच सुटली. पुढे जे काही वाचलं ते रातपाळी संपल्यावर, नाहीतर वर्षावासात विहारात बसून. तेव्हा लिहिण्यात चूकभूल झाली तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

बऱ्याच वर्षांपूर्वी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलो असताना पुस्तकांच्या स्टॉलवरून एक जाड पुस्तक आणलं. पुस्तकाचं नाव ‘भगवान बुद्ध’, लेखक धर्मानंद कोसंबी. पुस्तक वाचून काढलं आणि मनात आलं, हा कोण माणूस? पाली भाषेतलं एवढं सगळं याने मराठीत आणलं कसं? कुणाच्या पैशावर? घरी पोटाला काय होतं? या प्रश्नांचा शोध घेताना जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो. कारण आज आपली मुलंमुली एम.ए., पीएच.डी. करू लागली आहेत, त्यांना शिष्यवृत्ती, फेलोशिप मिळू लागली आहे. अशा वेळी कोसंबींची गोष्ट आपल्या घराघरांत सांगण्यासारखी आहे.

गोव्यातला मुलगा

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साष्टी भागात सांखवाळ या गावी झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. घराणं सारस्वत ब्राह्मणाचं, पण श्रीमंती नव्हती. नारळाच्या बागा आणि थोडी शेती एवढंच. मुलगा अंगाने अशक्त. त्या काळी गोव्यात मराठी शाळा धड चालत नव्हत्या, त्यामुळे त्यांचं शिक्षण मराठी शाळेतल्या काही इयत्तांवरच थांबलं. पंधराव्या वर्षाच्या आसपास लग्न झालं. पत्नीचं नाव बाळाबाई. म्हणजे घर, शेती, संसार यांत हा माणूस तिथेच संपून गेला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं.

पण वाचनाची भूक होती. एका मराठी बालमासिकात बुद्धाचं छोटंसं चरित्र त्यांच्या वाचनात आलं आणि नंतर एक मोठं बुद्धचरित्रही हाती लागलं. त्या वाचनाने ते पार बदलून गेले. ज्या माणसाने सगळ्या जगाला करुणा शिकवली त्याचा धम्म आपल्याच देशात कुणाला ठाऊक नाही, तो आपण मुळातून शिकायचा आणि आपल्या लोकांना सांगायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं. मुळातून म्हणजे कुठून, कोणत्या भाषेतून, हेही त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. फक्त आधी संस्कृत शिकावं लागेल एवढं कळत होतं.

सात वर्षांची पायपीट

१८९९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडलं. मोठी मुलगी माणिक तेव्हा तान्ही होती. पुण्याला डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा आणि प्रार्थना समाजाच्या लोकांचा थोडा आधार मिळाला. तिथून ते काशीला गेले. काशीत संस्कृत शिकणाऱ्या ब्राह्मण विद्यार्थ्यांना अन्नछत्रात फुकट जेवण मिळे. कोसंबी तिथे जेवले आणि शिकले.

इथे थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याच काळात आपल्या आजा-पणजांना त्या अन्नछत्राची पायरीसुद्धा चढता आली नसती. कोसंबींना दार उघडं मिळालं ते जन्मामुळे, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण उघड्या दारातून आत गेलेला माणूस पुढे काय करतो, ते दार मागे लावून घेतो की दुसऱ्यासाठी सताड उघडं ठेवतो, यावर त्याचं मोल ठरतं.

संस्कृत बऱ्यापैकी झाल्यावर बौद्ध धम्म सापडेल या आशेने ते १९०२ साली नेपाळात गेले. तिथे त्यांची निराशा झाली. बुद्धगयेला आल्यावर कळलं की त्रिपिटक शिकायचं तर सिंहलद्वीपाला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला जावं लागेल. खिशात पैसा नसताना कलकत्त्याच्या महाबोधी सभेच्या लोकांच्या मदतीने ते कोलंबोला पोचले. तिथल्या विद्योदय विद्यालयात महास्थविर सुमंगल यांच्याकडे त्यांनी पालीचा अभ्यास केला आणि श्रामणेराची दीक्षा घेतली. तिथलं अन्न त्यांना मानवेना, प्रकृती ढासळली, म्हणून परत फिरावं लागलं. पुढे ते ब्रह्मदेशात गेले. तिथल्या भिक्षूंमध्ये राहून त्यांनी अभ्यास केला, ध्यानही केलं. मध्ये सारनाथ, कुशीनारा, बुद्धगया ही स्थळं पाहिली. कधी बैलगाडी, कधी आगगाडी, कधी बोट आणि पुष्कळदा आपले दोन पाय. इंग्रजीही ते असेच वाटेत, स्वतःच्या मेहनतीने शिकले.

१९०६ साली ते कलकत्त्याला आले तेव्हा घर सोडून सात वर्षं होत आली होती. ही सात वर्षं बाळाबाईंनी लहानग्या मुलीला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने काढली. नवरा जिवंत आहे की नाही याची बातमीसुद्धा वेळेवर येत नसे. मोठ्या माणसाचं चरित्र सांगताना आपण घरातल्या बाईला विसरतो. रमाईने काय सोसलं ते आपल्याला पाठ आहे, म्हणून बाळाबाईंचं दुःख आपल्या आयाबहिणींना लगेच कळेल. कोसंबींच्या विद्येची किंमत या बाईनेही मोजली आहे.

अडीचशे की पन्नास?

आता या गोष्टीतली सगळ्यात मोलाची जागा येते. कलकत्त्यात कोसंबींनी चीवर उतरवलं आणि राष्ट्रीय महाविद्यालयात पाली शिकवायला लागले. पुढे कलकत्ता विद्यापीठात पालीचे अध्यापक झाले. शाळेचा धड दाखला नसलेला माणूस विद्यापीठात शिकवू लागला! बायको-मुलीला त्यांनी आणवून घेतलं. १९०७ साली मुलगा झाला, दामोदर. संसार मार्गाला लागला. तिथेच राहिले तर दरमहा २५० रुपयांची नोकरी पुढ्यात होती. त्या काळचे २५० रुपये म्हणजे राजेशाही थाट. गिरणीतल्या कामगाराला महिनाभर राबून वीस-पंचवीस रुपये पडणंसुद्धा कठीण होतं.

पण कोसंबींच्या मनाला शांतता नव्हती. आपण हे सगळं शिकलो ते कुणासाठी? महाराष्ट्रातल्या माणसाला बुद्ध सांगायचा म्हणून निघालो आणि बसलो बंगालात पगार मोजत. हा विचार त्यांना खात होता.

अशा वेळी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची आणि त्यांची गाठ पडली. सयाजीराव म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातला मुलगा. दत्तक जाऊन बाराव्या वर्षी गादीवर बसला, तोवर त्याला अक्षरओळखही नव्हती. म्हणूनच असेल, पण शिक्षणाचं मोल या राजाला जितकं कळलं तितकं दुसऱ्या कुणाला कळलं नाही. १९०६ साली त्यांनी आपल्या सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. गावोगाव वाचनालयं काढली.

या सयाजीरावांनी कोसंबींना कळवलं की तुम्ही महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात राहा, बडोदा सरकारातून तुम्हाला दरमहा ५० रुपये मिळतील. अट एकच, वर्षाला एक पुस्तक लिहून द्यायचं.

बघा बरं, काय अट आहे! कचेरीत हजेरी लावा असं नाही, आमच्या दरबारात येऊन बसा असं नाही. कुठेही राहा, अभ्यास करा, पण जे शिकलात ते लोकांना वाचता येईल असं लिहून द्या. आज विद्यापीठं आणि सरकारं जिला फेलोशिप म्हणतात, तिचं इतकं सरळ आणि इतकं लोकांच्या उपयोगाचं रूप मला दुसरं माहीत नाही. अभ्यास करणाऱ्याचं पोट भरावं आणि त्याचा अभ्यास पेटीत बंद न राहता लोकांच्या हाती यावा, हे दोन्ही त्या एका अटीत बसतं.

कोसंबींनी हिशोब केला. एका पारड्यात अडीचशे, दुसऱ्यात पन्नास. बायको, दोन लेकरं. त्यांनी पन्नास घेतले आणि कलकत्ता सोडून महाराष्ट्रात आले. एका पगारात पाच घरं चालली असती, त्यातलं एकच घर चालवायचं त्यांनी कबूल केलं. आपण मिलमध्ये दोन-चारशे रुपये जास्त मिळाले तर कंत्राटदार बदलतो, यात आपला दोष नाही, पोट आहे. म्हणूनच हा सौदा काय होता ते आपल्याला बरोबर समजतं.

अट पाळली

कोसंबींनी बडोद्यात व्याख्यानं दिली, ती १९१० साली ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने पुस्तकरूपाने निघाली. लहानसं पुस्तक, पण ज्याला पाली येत नाही, संस्कृत येत नाही, अशा मराठी माणसाला तीन रत्नांची ओळख त्यातून झाली. नंतर १९१४ साली ‘बुद्धलीलासारसंग्रह’ आलं. पुढे ‘समाधिमार्ग’, ‘बौद्धसंघाचा परिचय’, जातककथा अशी एकामागून एक पुस्तकं येत राहिली. म्हणजे ५० रुपयांची मदत बंद झाल्यावरही त्यांनी ती अट सोडली नाही. महाराजांची अट त्यांनी आयुष्याची अट करून घेतली.

भाषा पाहाल तर साधी. पंडिती थाट नाही. शेजारी बसून कुणी समजावून सांगावं तशी. स्वतः पायी फिरून, उपाशी राहून शिकलेल्या माणसाला दुसऱ्याला शब्दांनी दिपवायची हौस नसते.

याच दिवसांत डॉ. भांडारकरांच्या मदतीने त्यांनी मुंबई विद्यापीठात पाली भाषेला जागा मिळवून दिली. १९१२ ते १९१८ ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. तिथे त्यांच्या हाताखाली पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत यांच्यासारखे पालीचे जाणकार तयार झाले. एका दिव्यावर दुसरा दिवा लावावा तसं हे काम झालं.

अमेरिका, रशिया आणि तुरुंग

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाची शुद्ध प्रत तयार करण्याचं काम चाललं होतं. त्यासाठी पाली जाणणारा माणूस हवा होता, म्हणून १९१० साली कोसंबींना बोलावणं आलं. त्यांनी तिथे जीव तोडून काम केलं. पण ग्रंथावर कुणाचं नाव कसं यावं यावरून तिथल्या प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचं बिनसलं. कोसंबी मान खाली घालून राहणारे नव्हते. काम तसंच टाकून १९१२ साली ते परत आले. मालकाच्या पुढे आपल्या कष्टाचं श्रेय मागणं काय असतं हे कामगाराला सांगायला नको. पुढे ते आणखी तीन वेळा हार्वर्डला गेले आणि काम पुरं केलं. त्यांच्या नावानिशी तो ग्रंथ तिकडे निघाला १९५० साली, तेव्हा कोसंबी हयात नव्हते. पण त्यांनी स्वतः संपादलेली देवनागरी प्रत त्याआधीच १९४० साली मुंबईत भारतीय विद्या भवनाने छापली होती. आपल्या लोकांच्या लिपीत ग्रंथ आला, हे त्यांना जास्त महत्त्वाचं वाटलं असणार.

अमेरिकेत असताना त्यांनी कामगारांचे प्रश्न आणि समाजवाद यांवरची पुस्तकं वाचली. १९२९ साली रशियात लेनिनग्राडला जाऊन पाली शिकवलं. मधल्या काळात अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात संशोधन केलं. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. पुस्तकातला माणूस पुस्तकातच बसून राहिला नाही.

परळचा बहुजन विहार

आपल्यासारख्या कामगारांना जवळची वाटावी अशी गोष्ट १९३७ सालची आहे. त्या वर्षी मुंबईत परळला कोसंबींनी बहुजन विहार सुरू केला. परळ म्हणजे गिरणगाव. पहाटे भोंगा झाला की माणसांचे लोंढे गिरणीकडे धावायचे. चाळीच्या एका खोलीत दहा-दहा माणसं. त्यांत कोकणातले, घाटावरचे, अस्पृश्य म्हणून हिणवलेले आपले बांधव. या वस्तीत कोसंबींना विहार हवा होता. नावही बघा, बहुजन विहार. विहाराला पैसा जुगलकिशोर बिर्ला या शेठजींनी दिला होता. कोसंबी दोन-एक वर्षं तिथे राहिले आणि मग बाहेर पडले.

हार्वर्डच्या ग्रंथालयात बसलेला, चार भाषा-लिप्यांत वावरणारा हा पंडित साठीच्या वयात गिरणी कामगारांच्या वस्तीत राहायला येतो, हे कशामुळे? मला तर त्याचं मूळ ५० रुपयांच्या त्या अटीतच दिसतं. शिकलेलं लोकांपर्यंत न्यायचं. आधी पुस्तकातून नेलं, मग स्वतःच जाऊन बसले.

‘भगवान बुद्ध’

१९४० आणि १९४१ साली ‘भगवान बुद्ध’ हे त्यांचं मोठं पुस्तक दोन भागांत आलं. या पुस्तकात त्यांनी बुद्धाच्या भोवती साचलेली चमत्कारांची पुटं खरवडून काढली. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी असे चार देखावे पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला ही कथा त्यांना पटली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नसेल हे कसं खरं मानायचं? त्यांनी पाली ग्रंथांत शोध घेतला आणि शाक्य व कोलीय यांच्यातल्या भांडणाकडे, माणसं एकमेकांवर शस्त्र उगारतात त्या दुःखाकडे बोट दाखवलं. शुद्धोदन हा फार मोठा सम्राट नव्हता, शेतीभाती असलेला शाक्यांचा एक पुढारी होता, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं.

आपण वर्षावासात बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतो. त्यातही बाबासाहेबांनी चार देखाव्यांची कथा नाकारली आहे आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला शाक्य-कोलीयांचा वाद सांगितला आहे. दोन विद्वान, दोन वेगळ्या वाटांनी आलेले, पण बुद्ध हा बुद्धीला पटणारा, माणसांतला माणूस होता हे दोघांनीही सांगितलं.

आणखी एक धागा आहे. ज्या सयाजीरावांनी कोसंबींना ५० रुपये महिना दिला, त्यांनीच १९१३ साली बाबासाहेबांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली. बाबासाहेबांना अट होती शिकून आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी करण्याची. १९१७ साली ते नोकरीवर गेले, पण जातीच्या छळामुळे त्यांना बडोद्यात राहायला छप्परही मिळालं नाही आणि नोकरी सोडावी लागली. एकाच राजाची मदत, एकाला महाराष्ट्रात कुठेही राहायची मोकळीक आणि दुसऱ्याला एका रात्रीची जागा मिळत नाही. जात काय करते ते इथे दिसतं. तरीही बाबासाहेबांनी त्या विद्येचं ऋण कोट्यवधी माणसांना उभं करून फेडलं.

शेवट

कोसंबींचा शेवट मात्र मनाला चटका लावतो. उतारवयात प्रकृती साथ देईना. आपण आता कुणाच्या उपयोगी नाही, नुसता भार आहोत, असं त्यांना वाटू लागलं. जैन परंपरेतल्या अन्नत्यागाच्या मार्गाकडे त्यांचं मन वळलं होतं. १९४६ साली एकदा त्यांनी उपवास सुरू केला होता, तेव्हा गांधीजींच्या सांगण्यावरून तो सोडला. पण पुढे वर्ध्याजवळ सेवाग्राम आश्रमात त्यांनी अन्न सोडलं आणि ४ जून १९४७ रोजी त्यांचं निधन झालं. मला विचाराल तर हा शेवट मला पटत नाही. मध्यम मार्ग सांगणाऱ्या तथागतांच्या अभ्यासकाने शरीराला असं क्लेश देऊन जावं याचं वाईट वाटतं. म्हातारा माणूस भार नसतो, त्याच्याजवळ सांगायला पुष्कळ असतं. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना हे आपण वेळोवेळी सांगायला हवं.

पण त्याही दिवसांत त्यांची एक इच्छा होती. काही विद्यार्थ्यांना पाली शिकण्यासाठी श्रीलंकेला पाठवावं. ज्या वाटेने आपण बिनपैशाचे, ठेचाळत गेलो त्या वाटेने पुढची पोरं मदत घेऊन, पोटभर जेवून जावीत. दार मागे लावून घेतलं की उघडं ठेवलं, असा प्रश्न मी वर केला होता. त्याचं उत्तर हे आहे.

त्यांचा मुलगा दामोदर कोसंबी मोठा गणिती आणि इतिहासकार झाला. नात मीरा कोसंबी यांनी आजोबांचं लेखन इंग्रजीत नेलं. धर्मानंदांचं आत्मचरित्र ‘निवेदन’ मराठीत आहे, ते आपल्या विहाराच्या कपाटात आलं पाहिजे.

त्या पन्नास रुपयांचं काय झालं?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांना धम्म दिला. आपल्या लोकांना दुसऱ्या दिवसापासून बुद्ध वाचायचा होता. आणि मराठीत कोसंबींची पुस्तकं तयार होती. दीक्षेच्या जवळपास पन्नास वर्षं आधी दिलेली मदत अशी कामाला आली. देणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला तेव्हा स्वप्नातही वाटलं नसेल की आपलं पुस्तक कुणाच्या झोपडीत कंदिलाखाली वाचलं जाणार आहे.

आज दिवस बदलले आहेत. २०२४ साली केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. पुण्याची बार्टी ही संस्था आपल्या मुलांना पीएच.डी.साठी फेलोशिप देते. हे सुखासुखी मिळालेलं नाही, त्यामागे पिढ्यांचा लढा आहे.

माझ्या थोरल्या भावाच्या मुलालाही अशीच फेलोशिप मिळाली. दादा मोंढ्यात हमाली करतो. पोराने पाच वर्षं घासून प्रबंध लिहिला, तो इंग्रजीत. सोनेरी अक्षरांची जाड प्रत घरी आली, बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवली. दादा रोज सकाळी ती फडक्याने पुसायचा. एक दिवस त्याने पोराला विचारलं की बाबा, यात आहे तरी काय? पोराला दोन वाक्यांत सांगता येईना. दादा काही बोलला नाही, पण मला ते दिसलं. ज्याच्या पाठीवरच्या पोत्यांनी पोरगा शिकला त्यालाच त्या विद्येचं दार बंद.

मी पुतण्याला कोसंबींची ही गोष्ट सांगितली. मनावर घेतलं त्याने. एका पौर्णिमेला विहारात बसून त्याने आपला अभ्यास साध्या मराठीत सांगितला. विषय होता मराठवाड्यातले भीमजलसे. तो बोलत असतानाच मागे बसलेल्या दोन आजीबाई मध्येच थांबवून चुका काढायला लागल्या! मग त्यांनी अशी गाणी म्हणून दाखवली जी त्याच्या प्रबंधात नव्हती. पुतण्या वही काढून लिहीत बसला. दादा कोपऱ्यात भिंतीला टेकून ऐकत होता, रात्री घरी जाताना नुसता हसत होता. ज्ञान लोकांत नेलं म्हणजे फक्त लोकांचं भलं होतं असं नाही, शिकलेल्याचंही अपुरं राहिलेलं पुरं होतं, हे त्या रात्री मला कळलं.

बंधू-भगिनींनो, दान देण्याची परंपरा आपल्या या मातीत नवी नाही. आपल्या जिल्ह्यातलं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या उपासक-उपासिकांनी पार सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान दिलं, त्यांच्या नोंदी तिथल्या दगडांवर आजही आहेत. राजे नव्हते ते सगळे, तुमच्या-आमच्यासारखी माणसंही होती. आपण एकेक घर महिन्याला थोडे थोडे पैसे काढू शकलो तर वस्तीतल्या एका तरी विद्यार्थ्याच्या पुस्तकांचा आणि प्रवासाचा खर्च निघेल. अट सयाजीरावांचीच ठेवू. वर्षातून एकदा विहारात येऊन, आपल्या भाषेत, आईबापांना कळेल असं सांगायचं की मी काय शिकलो. लिहून दिलं तर पुढच्या स्मरणिकेत छापू.

आणि ज्यांना आधीच शिष्यवृत्ती मिळाली आहे, नोकरी लागली आहे, त्यांना एवढंच सांगणं. अडीचशे सोडून पन्नास घ्या असं आम्ही म्हणत नाही. एवढी ताकद प्रत्येकात नसते. पण पौर्णिमेची एक संध्याकाळ तर द्याल? विहाराचं दार उघडं आहे, सतरंजी अंथरलेली आहे, आणि तुमचं ऐकायला आम्ही बसलेलो आहोत.

नमो बुद्धाय! जयभीम!